अनुभव धागा: युनिव्हर्सिटीतला फिगर स्केटिंग क्लब

चाकावरून_बर्फावर
काल लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आइस रिंकवर होता. दार उघडलं आणि तो वास आला, ओलं रबर आणि गार हवा. थेट २००९ साल! एमएसला शॅम्पेनला गेले होते, इलिनॉय विद्यापीठात. तिथलं आइस अरीना १९३१ सालचं. ऑगस्टमध्ये क्वाड डेला सगळे क्लब टेबलं मांडून बसतात, एका टेबलावर पांढरे बूट दिसले म्हणून थांबले. शाळेत पुण्यात चार चाकांचं स्केटिंग केलेलं, तेवढ्या भांडवलावर नाव दिलं.

पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? पडायला! गुडघे वाकवून खाली जायचं, मांडीच्या बाजूवर कलंडायचं, हात मागे टेकायचा नाही. पडल्यावर मुठी मिटायच्या, नाहीतर कुणाचं पातं बोटांवरून जाईल. मग गुडघ्यांवर येऊन एकेक पाऊल रोवत उठायचं. अर्धा तास फक्त हेच. जन्मभर "जपून, पडशील" ऐकत वाढलेली मी, आणि इथे वीस जणी मुद्दाम पडत होत्या. मला त्या अर्ध्या तासात इतकं मोकळं वाटलं की रूमवर येऊन रडले होते.

दुसऱ्या वर्षी वॉल्ट्झ जंप जमली. अर्धाच फेरा. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवरून समोर बघत उडायचं, उजव्याच्या बाहेरच्या धारेवर पाठमोरं उतरायचं. त्या रात्री सगळ्या जणी कठड्यावर हात आपटत होत्या.

तुम्हीही लिहा ना, कुठल्याही विद्यापीठातलं चालेल.

थंडीतली_भाकरी
रात्री ११.१५ ते १२.१५!!! बर्फ तासाच्या भाड्याने, संध्याकाळ हॉकीवाल्यांची, आम्हाला उरलेलं. गाडी आमच्यातल्या एकीकडेच होती. प्रत्येकीला दारापर्यंत सोडायची आणि खोलीतला दिवा लागेपर्यंत खाली थांबायची. उणे पंधरात. मी तिला एकदा थालीपीठ करून नेलं, तर पुढच्या आठवड्यात तिने सगळ्यांसाठी डबे आणले. कुकर झालाय, नंतर लिहिते.

धारवाला
तांत्रिक भर घालतो. पात्याला धार एक नसते, दोन असतात, मधे खोबण. आतली धार, बाहेरची धार, पुढे, मागे, सगळं फिगर स्केटिंग त्यातून निघतं. नावसुद्धा बर्फावर कोरायच्या आकृत्यांवरून पडलंय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्या आकृत्या १९९० पर्यंत होत्या. आमच्या क्लबात एक आजोबा येत, विद्यापीठातून निवृत्त झालेले. ते शेवटची दहा मिनिटं कोपऱ्यात एकटेच आठचा आकडा काढायचे, त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा. मी माझा सराव सोडून बघत बसायचो.

आणि पात्याच्या पुढच्या टोकाला असतात ते दाते ब्रेक नव्हेत! रोलरवरून आलेले हमखास तिथेच तोंडावर पडतात.

चाकावरून_बर्फावर
@धारवाला हो! रोलरला पुढे रबरी स्टॉपर असतो ना, पाय आपोआप तसाच टेकतो. महिनाभर लागला ती सवय मोडायला.

ठाण्याची_आई
धागा बघून थांबले. मुलगी मिशिगनला आहे, परवा मेसेज आला, आई मी स्केटिंग क्लब जॉइन केला. तिने बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. मला झोप नाही. मनगटाला काय घालतात?

थंडीतली_भाकरी
ताई काळजी करू नका. रोलरवाले घालतात तेच रिस्ट गार्ड चालतात. सुरुवातीला हेल्मेट घातलं तरी कुणी हसत नाही, आमच्यात पीएचडीवाले घालायचे. पातळ हातमोज्यांच्या दोन जोड्या सांगा, एक जोडी भिजतेच.

बोलेरो_चौक
नॉटिंगहॅम, २०१४. टॉर्व्हिल आणि डीनचं गाव. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये 'बोलेरो' या संगीतावर बर्फावर नाचले आणि नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मकतेला ६.०, म्हणजे पैकीच्या पैकी दिले, ती जोडी. रिंकबाहेरच्या चौकाचं नावच बोलेरो स्क्वेअर. मी तिथे गेले ते निव्वळ एकटी पडले होते म्हणून. नोव्हेंबरात चारलाच अंधार, फ्लॅटमध्ये कुणी बोलेना. क्लबात एका मुलीने न विचारता दोन्ही हात धरले, ती मागे मागे जात राहिली आणि मी पुढे. अख्खी फेरी. आजही ती मुलगी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. स्केटिंग दोन वर्षांत सुटलं.

गारठलेला_नागपूरकर
बोलेरो ताई ❤️ हात धरणारं कुणी भेटणं फार मोठी गोष्ट.
माझी सोय वेगळीच, मी झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, बघायला जायचो 😀 गरम पाणी सोडत जाते, ओरखडे भरतात आणि मागे आरसा. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनीने बनवली. ती फिरून गेल्यावर पहिल्यांदा उतरणारा तू असशील तर काय सुख!

पाऊणफेरी
स्पर्धेचं कुणी लिहिलं नाही. अमेरिकेत आंतरविद्यापीठ स्पर्धेत पातळीनुसार गट असतात आणि खालच्या गटातल्या मुलीचे गुणही संघाच्याच खात्यात जातात. मी सगळ्यात खालच्या गटात दुसरी आले तर लहानपणापासून खेळणाऱ्या आमच्या सीनियरने मला उचलून घेतलं. ती स्वतः पडली होती त्या दिवशी, तरी.
अमेरिकन स्केटर अलिसा लिऊचं वाचलं का? १६व्या वर्षी २०२२ ला खेळ सोडला, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकायला गेली, परतली आणि २०२५ ला बॉस्टनमध्ये जगज्जेती. मी तिची ती फेरी बघताना उभीच होते.

धारवाला
@ठाण्याची_आई मुलीला सांगा, पाती पुसूनच पिशवीत ठेव, गंजतात. आणि प्लास्टिकची कव्हरं घालूनच काँक्रीटवर चाल. लेस बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट.

थंडीतली_भाकरी
बाय द वे माझे बूट कपाटात आहेत, दोन सीझन वापरलेले. शिकागोजवळ कुणाला हवेत का? पैसे नकोत.

पाऊणफेरी
साइझ?? पुतणी सुरू करतेय.

थंडीतली_भाकरी
बुटांचं माप वेगळं असतं गं, तिचा पाय सेंटीमीटरमध्ये मोजून मेसेज कर.

ठाण्याची_आई
आत्ता व्हिडिओ कॉल झाला. चौदा वेळा पडले म्हणाली, मोजलंय तिने. गुडघा दाखवला, निळा. मी काही बोलायच्या आत म्हणते, आई, बघ, उठता येतं. मोबाइल जमिनीवर ठेवून खोलीत उठून दाखवलं मला. रिस्ट गार्ड मागवलेत. धारवाला, ते लेसचं परत एकदा लिहाल का? तिला पाठवायचंय.