ऑनलाइन माध्यमांत वारा येईल तशी पाठ द्यावी का?

धागाकर्ती: ऑनलाइन माध्यमांतल्या स्टार्टअप्स बाजार बदलला म्हणून बुडत नाहीत, प्रत्येक बदलामागे धावतात म्हणून बुडतात, असं माझं ठाम मत आहे. फेसबुकने व्हिडिओला झुकतं माप दिलं आणि सगळे तिकडे पळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकनेच कबूल केलं, की व्हिडिओ पाहण्याच्या सरासरी वेळेचा आकडा फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक त्यात धरलेच नव्हते. एवढं कळूनही ‘मिक’ या अमेरिकी बातमी-संकेतस्थळाने २०१७ मध्ये व्हिडिओवर भर द्यायचा म्हणून लेख लिहिणारी माणसं काढली. पुढच्याच वर्षी जवळपास सगळ्यांना घरी पाठवून कंपनी विकली. चीड येते.

प्रतिसाद १: असहमत. नेटफ्लिक्स टपालाने डीव्हीडी पाठवायचं. २००७ मध्ये स्ट्रीमिंगकडे वळले नसते तर आज कुठे असते? उलट ‘क्विबी’ हे फोनवरच्या छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप बघा. पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले, येता-जाता फोनवर बघायला दहा मिनिटांच्या आतले भाग बनवले आणि एप्रिल २०२० मध्ये सुरू केलं, लोक घरात अडकलेले असताना! सुरुवातीला टीव्हीवर बघायची सोयच नव्हती. डिसेंबरमध्ये बंद. ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्याची ही किंमत.

धागाकर्ती: नेटफ्लिक्स तर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. दरमहा पैसे भरणारा ग्राहक तोच राहिला, फक्त माल पोचवायची वाट बदलली. ‘मिक’ने वाचक सोडून फेसबुकला खूश करायला घेतलं.

प्रतिसाद २: मी तेव्हा एका छोट्या बातमी-स्टार्टअपमध्ये होते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने बातम्यांपेक्षा मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं ठरवलं. नंतर रोज सकाळी वाचकसंख्येचा डॅशबोर्ड उघडला की फेसबुकवरून येणाऱ्यांची रेघ आणखी खाली. ईमेलने जाणाऱ्या न्यूजलेटरची मात्र होती तिथेच. न्यूजलेटर घेणाऱ्यांच्या यादीच्या जोरावर आमचे पगार निघाले. पण ताई, यादीतले बहुतेक वाचक आधी फेसबुकवरूनच आले होते. तिकडे गेलोच नसतो तर यादीही नसती.

धागाकर्ती: हे मान्य. पण फ्रान्सचं ‘मीडियापार्ट’ हे बातमी-संकेतस्थळ २००८ पासून जाहिरातींशिवाय, निव्वळ वर्गणीवर उभं आहे.

प्रतिसाद १: त्याच्या संस्थापकांपैकी एक ‘ल मोंद’ या नामांकित फ्रेंच दैनिकाचे माजी संपादक, एदवी प्लेनेल. लोकांनी त्या नावावर विश्वास टाकून पैसे भरले. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याने पहिले हजार वाचक कुठून आणायचे, ते सांगा.