जी संत कदाचित झालीच नाही, तिला केलेली विनंती कुणी ऐकली?

थोरली लेक:
माझ्या आईचं नाव फिलोमिना. ११ ऑगस्टचा, संत फिलोमिनाच्या सणाचा जन्म, म्हणून आजीने ठेवलेलं. मी सहा वर्षांची असताना टायफॉइडने फणफणले होते, तेव्हा आईने उशाशी बसून नऊ दिवस तिची नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना केली. त्या वेळी तिच्या मुठीत असायचं ते पदक आता माझ्याकडे आहे. अंगठा फिरून फिरून त्यावरचा चेहरा पार झिजलाय, जहाजाचा नांगर तेवढा हाताला लागतो. आई मागच्या वर्षी गेली.

परवा वाचलं की १९६१ मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, फिलोमिनाचा सण सगळ्या दिनदर्शिकांतून काढला, कारण ती होऊन गेली याला धड पुरावाच नाही. तेव्हापासून झोप नाही. आई जन्मभर कुणाशी बोलत होती?

जपमाळ:
सण काढला, पण तिला खाजगीत विनवू नये असं कुणी म्हटलेलं नाही. संत ख्रिस्तोफरचंही तसंच. १९६९ मध्ये त्याचा दिवस सार्वत्रिक दिनदर्शिकेतून गेला आणि लोक समजले की त्याचं संतपदच गेलं. तसं झालेलं नाही. अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनचा सण तर त्याच वर्षी गेला आणि २००२ मध्ये परतही आला.
मुळात आपण संतांना 'आमच्यासाठी विनंती कर' एवढंच म्हणतो. देणारा देव. पाकिटावर नाव चुकलं म्हणून तो पत्र परत पाठवत नाही.

खरं तेच:
ताई, तुमचं दुःख समजतं, पण मला हे पटत नाही. राजपुत्र सिद्धार्थाची गोष्ट भाषांमागून भाषा ओलांडत युरोपात गेली, 'बोधिसत्त्व'चा 'जोसाफात' झाला आणि रोमच्या हुतात्मा-सूचीत २७ नोव्हेंबरला संत म्हणून जाऊन बसला! ज्यांचं आयुष्य कागदोपत्री सापडतं असे संत काय कमी आहेत? श्रद्धेला खऱ्याचं वावडं नसावं.

जपमाळ:
मान्य. म्हणूनच फिलोमिनाबद्दल नेमकं काय हाती लागलं ते सांगतो. २५ मे १८०२, रोममधलं प्रिसिलाचं भुयारी दफनस्थान. एका कबरीच्या तोंडाला भाजक्या मातीच्या तीन फरशा, त्यांवर रंगवलेली अक्षरं, नांगर आणि बाण. फरशा होत्या त्या क्रमाने वाचल्या तर 'लुमेना पाक्स तेकुम फि'. पहिली उचलून शेवटी ठेवली की 'पाक्स तेकुम फिलुमेना', म्हणजे 'फिलुमेना, तुला शांती असो'. पुढे ओरात्सिओ मारुक्की या पुरातत्त्वज्ञाने मांडलं की क्रम चुकलेला नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या जुन्या कबरीच्या फरशा इथे पुन्हा वापरल्या होत्या. राजकन्या, सम्राटाची मागणी, छळ ही सगळी कथा १८३३ मध्ये नेपल्सच्या एका धर्मभगिनीने आपल्याला झालेला साक्षात्कार म्हणून सांगितली. तिला इतिहासाचा आधार नाही.
पण आत हाडं होती. एका कोवळ्या वयाच्या मुलीची. ती कुणी कल्पनेतून आणली नाहीत.

खरं तेच:
हे माहीत नव्हतं. कथा खोटी आणि माणूस खोटं, यातला फरक माझ्याकडून निसटला.

थोरली लेक:
कालपासून त्या फरशांचाच विचार करतेय. नाव कदाचित तिचं नव्हे. कुणीतरी आपलं पोर पुरलं, जवळ होत्या त्या फरशा लावल्या, आणि त्यांवर शांतीचे शब्द आधीच होते. आई नऊ दिवस ज्या मुलीला माझ्यासाठी विनवत होती, तिच्या आईनेही असंच उशाशी बसून कुणाला तरी विनवलं असेल. काल रात्री पदक मुठीत धरून मी नुसतं 'बाळ' म्हणाले आणि नेहमीची प्रार्थना म्हटली.
आईच्या कबरीच्या दगडावर अजून फक्त नाव आणि तारखा आहेत. खाली जागा आहे. तिथे 'फिलोमिना, तुला शांती असो' कोरून घेणार आहे.