शनिवार-रविवार खोलीतच जातोय

परदेशात येऊन सात महिने झाले. शनिवारी कपडे धुवायचे, रविवारी घरी व्हिडिओ कॉल, की संपला वीकेंड. आता पाच दिवसांची सुट्टी लागलीये, हॉस्टेल ओस पडलंय, कॉरिडॉरमध्ये फक्त माझ्या चपलांचा आवाज. एकटीने जावं का कुठे? मी शेंगेन देशात आहे, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांमध्ये आपसात सहसा सीमेवर तपासणी नसते त्यांपैकी एकात. शेजारच्या देशात जायला पुन्हा व्हिसा लागतो का?

उत्तर १: जा गं बिनधास्त! वैध रहिवासी परवाना असेल तर इतर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं, वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही घे मात्र. मी कार्ड उशीखाली विसरलो होतो. स्टेशनवर आठवलं, धापा टाकत परत आलो, तोवर गाडी गेली.

उत्तर २: आयर्लंड शेंगेनमध्ये नाही हं. तिथे हे कार्ड चालत नाही.

उत्तर ३: मार्चचा शेवटचा रविवार सांभाळ. त्या पहाटे तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात. मी भिंतीवरच्या घड्याळावर विसंबले. बसथांब्यावर पोचले तर चिटपाखरू नाही, आणि तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार! कार्ड आत्ताच पासपोर्टात सरकवलं. पहिल्यांदा एकच रात्र, सहा खाटांच्या खोलीत एक खाट. आईला अजून सांगितलं नाहीये.