चाळिशीत रेसिंग? का नाही!

लहानपणी कार्टिंग (छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यती) केलं नसेल तर रेसिंगचं नाव काढू नका, असं म्हणतात; ते फॉर्म्युला वनपुरतं ठीक आहे. क्लब रेसिंगचं, म्हणजे हौशी लोकांच्या शर्यतींचं, गणित निराळं. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनच घ्या. अमेरिकेत एससीसीए या स्पोर्ट्स कार क्लबच्या शर्यतींत तो १९७२ मध्ये उतरला, तेव्हा वय ४७. यादीत नाव ‘पी. एल. न्यूमन’, उगाच बघ्यांची गर्दी नको म्हणून असावं. १९७६ला ट्रायम्फ टीआर६ घेऊन राष्ट्रीय विजेतेपद, १९७९ला फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शे ९३५च्या चमूत दुसरा क्रमांक.

त्याच्याकडे पैसा होता, मान्य. पण कनेटिकटमधल्या लाइम रॉक ट्रॅकवर मी एका दातांच्या डॉक्टरला जमिनीवर उताणं पडून स्वतःच आपल्या शर्यतीच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलताना पाहिलंय. सोमवारी दवाखाना होताच.