मदत हवी आहे: आयला बेटावर तीन व्हिस्की डिस्टिलरी एका दिवसात, पायी

ऑक्टोबरात आम्ही चौघे स्कॉटलंडच्या आयला बेटावर जातोय, मुक्काम पोर्ट एलनला. तिथून लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग एकाच रस्त्यावर ओळीने लागतात. बाजूने पायवाट आहे, शेवटपर्यंत साधारण ५ किलोमीटर. गाडी मुद्दाम घेत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे (इंग्लंडात ८०), म्हणजे एका पेगनंतरही स्टेअरिंगला हात लावायला नको.

अडलंय ते क्रमावर. तिन्हीकडचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली) पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावरचं, पण त्यातलं धुरकट चवीच्या फिनॉलचं प्रमाण आर्डबेगचं साधारण ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग) आणि लागावुलिनचं ३५ च्या आसपास. आधी आर्डबेग घेतली तर नंतरच्या दोन्ही फिक्या लागतील, असा माझा अंदाज. म्हणून चालत जाऊन येताना टॅक्सी, की उलट? आणि कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातली, पाणी न घालता बाटलीत भरलेली कडक व्हिस्की) शेवटी ठेवली तरी जीभ तोवर शाबूत राहते का? पाणी थेंबाथेंबाने घालणारच आहोत. बर्फाचा सल्ला कृपया नको.

दोघे शाकाहारी आहेत. हॅगिस या स्कॉटिश पदार्थात मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस असतं हे ठाऊक आहे. ओट्स-मसूर-राजम्याचं शाकाहारी हॅगिस बेटावर कुठे मिळेल? स्कॉच ब्रॉथ हे सूप बार्लीचं असलं तरी बहुधा मटणाच्या पाण्यात शिजतं, तेव्हा विचारूनच घ्यावं लागेल.

परतताना माणशी २ लिटर ड्यूटी फ्री. ७०० मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे १०० मिली जास्त! २०० मिलीच्या बाटल्या डिस्टिलरीच्या दुकानात मिळतात का?