मदत हवी आहे: एकच कॅल्शियम चेतातंतूला कधी ओढतं, कधी ढकलतं, ते कसं?

सातवी गल्ली:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सी झूलॉजी करतेय. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि विषय मीच हौसेनं मागून घेतलाय: गर्भात वाढणाऱ्या चेतातंतूंना वाट दाखवण्यात कॅल्शियमचा वाटा. आता हौस फिटली, म्हणून हा धागा.

जेवढं कळलंय ते आधी सांगते, म्हणजे कुणी मुळाक्षरांपासून सुरू करणार नाही. वाढत्या अ‍ॅक्सॉनच्या, म्हणजे चेतातंतूच्या, टोकाला ग्रोथ कोन असतो. चपटा, पसरट, कडेनं फिलोपोडिया, म्हणजे बोटांसारखे बारीक धागे, सतत आत-बाहेर करणारा. काहाल या शास्त्रज्ञानं १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात तो ओळखला, तोही मेलेल्या, रंगवलेल्या ऊतीत. आम्ही बीएस्सीला ३३ तास आणि ४८ तासांच्या गर्भाच्या स्लाइड घोकल्या, पण त्यात हे कधी दिसलं नाही. तर वाटेत नेट्रिनसारखा वाट दाखवणारा रेणू भेटतो, कोनाच्या पडद्यावरच्या डीसीसी नावाच्या रिसेप्टरला चिकटतो, त्या बाजूला आतलं कॅल्शियम वाढतं आणि कोन तिकडं वळतो. इथपर्यंत ठीक.

घोडं पेंड खातंय ते पुढं. झेंग या संशोधकाचा २००० सालचा 'नेचर'मधला पेपर वाचला. बेडकाच्या चेतापेशीत कोंडून ठेवलेलं कॅल्शियम लेझरच्या ठिपक्यानं कोनाच्या एकाच बाजूला मोकळं केलं, तर कोन त्या बाजूला वळला. मग पेशीबाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून टाकलं आणि तोच प्रयोग केला, तर कोन उलट्या बाजूला पळाला! लेझर तोच, ठिपका तोच. असं का?

त्यात गोमेझ आणि स्पित्झर यांचा १९९९ चा पेपर म्हणतो की कॅल्शियमच्या उसळ्या जितक्या वारंवार, तितकी अ‍ॅक्सॉनची वाढ मंद. मग कॅल्शियम गाडी पुढं नेतं की ब्रेक लावतं? परीक्षक हेच विचारणार, लिहून देते.

पांढरा रस्सा:
विषय डोक्यावरून गेला, पण वाचतोय. वाचनखूण साठवली.

पंचगंगाकाठ:
ताई, दुसरी शंका आधी संपवू, ती सोपी आहे. गोमेझ-स्पित्झर यांनी बेडकाच्या जिवंत मज्जारज्जूत ज्या उसळ्या मोजल्या, त्या अख्ख्या कोनभर उठणाऱ्या. कोन थबकतो तेव्हा त्या वाढतात, दाबून टाकल्या तर अ‍ॅक्सॉन जोरात धावतो. हा वेगाचा मामला. झेंगचा ठिपका एका कडेला, तो दिशेचा मामला. दोन्ही एकाच स्लाइडवर घेऊ नकोस, नाहीतर स्वतःच गोंधळशील.

आता मुख्य प्रश्न. शांत पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर १ ते २ मिलिमोलर. म्हणजे बाहेर दहा हजार पट किंवा जास्तच. बाहेरचं काढून टाकलं की आतला पायथाही उतरतो. मग लेझरनं तेवढंच कॅल्शियम सोडलं तरी चढण खालून सुरू होते आणि शिखर बुटकं राहतं.

हे शिखर वाचणारे दोन एंझाइम आहेत: कॅल्सिन्यूरिन आणि कॅमकेटू (CaMKII). दोघांनाही कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनामार्फतच निरोप जातो. पण कॅल्सिन्यूरिन थोड्याशा कॅल्शियमनंच जागा होतो, कॅमकेटूला बरंच जास्त लागतं. आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराच्या पाण्याला ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. पाणी तेच, पण कुठल्या आकड्याला कोण हलणार ते ठरलेलं. तसंच इथं. छोटी वाढ झाली तर कॅल्सिन्यूरिन आणि त्याच्यामागचा पीपी-१ हा दुसरा एंझाइम पुढं येणार, म्हणजे कोन दूर जाणार. मोठी वाढ झाली तर कॅमकेटू, कोन जवळ येणार. झेंगच्याच गटानं २००४ मध्ये 'न्यूरॉन'मध्ये हे दाखवलं. तो पेपर वाचल्याशिवाय सेमिनारला उभी राहू नकोस.

सातवी गल्ली:
बंधारा एकदम पटला. पण दादा, पाणी ४३ ला गेलं म्हणून ३९ चा इशारा रद्द होत नाही. मग मोठ्या वाढीत कॅल्सिन्यूरिनही चालूच असणार ना? तो ढकलत का नाही?

पंचगंगाकाठ:
शाब्बास, हाच प्रश्न परीक्षकाला सुचायला हवा. चालू असतोच, पण पारडं कॅमकेटूकडं झुकतं. बटण दाबल्यासारखं एक बंद, एक चालू असं समजू नको, रस्सीखेच समज. आणि या रस्सीखेचीत तिसरा हात सीएएमपी (cAMP) या पेशीतल्या निरोप्या रेणूचा. तो कॅल्सिन्यूरिन-पीपी-१ ची बाजू दाबून धरतो. म्हणून पेशीत सीएएमपी कमी असेल तर नेट्रिनसारखा ओढणारा रेणूही ढकलायला लागतो, हे १९९७ मध्येच दिसलं होतं. तेव्हा ते कोडं होतं, २००४ च्या पेपरमुळं त्याला जागा मिळाली.

कट वाढवा:
मी जपानमध्ये नाही, पण जपान्यांची बाजू मांडतो. नुसती उंची बघून भागत नाही, कॅल्शियम आलं कुठून तेही बघा. जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेतल्या कामिगुची यांच्या गटानं कोंबडीच्या गर्भातल्या डॉर्सल रूट गँग्लियॉनच्या, म्हणजे मज्जारज्जूशेजारच्या संवेदी गाठीतल्या, पेशींवर हे केलंय. पडद्यातल्या चॅनेलमधून आलेल्या कॅल्शियमला आतल्या ईआरमधल्या (पेशीतलं कॅल्शियमचं कोठार) रायनोडिन रिसेप्टर या कॅल्शियम सोडणाऱ्या दारानं साथ दिली तर कोन ओढला जातो. ईआर गप्प राहिलं तर ढकलला जातो.

आणि वळतो म्हणजे नक्की काय होतं? ओढण्याच्या वेळी त्या बाजूला पुटिका, म्हणजे पडद्याच्या इवल्या पिशव्या, येऊन पडद्यात मिसळतात, नवा पडदा मिळतो, ती कड पुढं सरकते. ढकलण्याच्या वेळी त्याच बाजूचा पडदा क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या मदतीनं आत ओढून घेतला जातो, ती कड आक्रसते. मला तर हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो. सेमिनारवाले एंझाइमांची नावं घोकतात आणि कोनाची कड विसरतात.

शाहूपुरीची सून:
अवांतर विचारते, रागावू नका. मला पाचवा महिना आहे, डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. त्यानं बाळाच्या नसा भलतीकडं जाणार नाहीत ना?

पंचगंगाकाठ:
अजिबात नाही वहिनी. गोळीतलं कॅल्शियम रक्तात येतं आणि रक्तातली पातळी शरीर फार अरुंद पट्ट्यात राखतं. वर चर्चा चाललीय ती एका पेशीच्या एका कडेला क्षणभर उठणाऱ्या वाढीची. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच घ्या, बंद करू नका.

सातवी गल्ली:
सगळ्यांचे आभार. एकच आकृती करतेय: शेजारी-शेजारी दोन कोन, दोन्हीकडं कॅल्शियमची वाढ सारखीच, पण डावीकडं पायथा नेहमीचा आणि उजवीकडं उतरलेला. खाली पुटिका आत-बाहेर जाताना. उभ्या अक्षावर नॅनोमोलरचे आकडे टाकू का?

पंचगंगाकाठ:
पायथ्याला १०० लिही, बस्स. शिखरापाशी फक्त 'बुटकं' आणि 'उंच'. पेशी बदलली, कॅल्शियम मोजायचं रंगद्रव्य बदललं की तो आकडा बदलतो, आणि परीक्षक नेमका तिथंच बोट ठेवेल.

कट वाढवा:
आणि ईआर काढायला विसरू नकोस!