मदत हवी आहे: गोव्यातलं डिजिटल संशोधन आणि नोकऱ्या यांचा मेळ कसा तपासू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची, अर्थशास्त्रात एमए करतेय. इथं डेटा आणि एआयवर जे संशोधन होतं, त्याला जुळणारी कामं इथं आहेत का, हे प्रबंधात आकड्यांनी तपासायचंय. आमची शिकलेली पोरं पुण्या-बेंगळुरूला जातात. त्यामागचं कारण नीट कळावं असं मनापासून वाटतं.

संशोधनासाठी ओपनअ‍ॅलेक्स या शोधनिबंधांच्या खुल्या ऑनलाइन सूचीमधून शोधनिबंधांची माहिती उतरवतेय, ती फुकट मिळते. अडचण संस्थांच्या नावांची. एनआयओचं, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं, मुख्यालय गोव्यात दोनापावलाला, पण केंद्रं मुंबई, कोची, विशाखापट्टणमलाही आहेत. बिट्स पिलानी या विद्यापीठाचंही तसंच, गोव्याशिवाय इतर ठिकाणीही कॅम्पस आहेत. नुसत्या नावानं शोधलं की बाहेरचे निबंधही गोव्याच्या खात्यावर चढतात. लेखकाच्या मूळ पत्त्यात 'गोवा' शोधून गाळणं पुरेल का?

नोकऱ्यांची बाजू जास्त अवघड. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, व्यवसाय एनसीओ 2015 या व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाच्या तीन अंकी गटांत येतात. सॉफ्टवेअरवाले आणि विश्लेषक सगळे 251 क्रमांकाच्या गटात, डेटा विश्लेषणाचं काम वेगळं निघतच नाही. त्यात गोव्याचा नमुना लहान. काही वर्षं एकत्र केली तर भारांक, म्हणजे नमुन्यातली एक व्यक्ती किती लोकांच्या जागी धरायची ते आकडे, कसे बदलायचे? पीएलएफएसवर काम केलेल्या कुणी हे सांगितलं तर फार उपकार होतील.

नोकरीच्या जाहिरातींतून कौशल्यं मोजावीत असंही मनात आहे, पण एकच जाहिरात चार ठिकाणी दिसते, शिवाय घरून करायची कामं गोव्याची धरायची का? पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम येते, शिकायची तयारी आहे.